सुटलेलें गणित पुन्हां हातीं घेतांना

दहावीची परीक्षा आटोपली कीं पुष्कळ घरांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें, "चला, गणित सुटलें एकदांचें!" महाराष्ट्रांत दहावीनंतर कला शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यावर गणिताची सक्ती नसते. वाणिज्य शाखेंतहि अकरावी-बारावीला गणिताऐवजीं ‘चिटणिसाची कार्यपद्धति’ हा विषय घेण्याची मोकळीक आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं घेतलेला हा निर्णय त्या वेळीं अगदीं निरुपद्रवी वाटतो. त्याचा हिशेब पुढें पांचसात वर्षांनीं द्यावा लागतो. पदवी हातीं येते, वर्ष-दोन वर्षें नोकरी होते, व्यवस्थापनशास्त्राचें उच्च शिक्षण घ्यावें असा विचार मनांत येतो. आणि प्रवेशपरीक्षेचें माहितीपत्रक उघडतांच जें गणित सुटलें असें वाटलें होतें तेंच दाराशीं वाट पाहत उभें असलेलें दिसतें.

अशा वेळीं तरुण मनाची जी स्थिति होते ती घरांतल्या वडील मंडळींनीं समजून घेण्यासारखी आहे. कोणी इच्छाच सोडून देतो आणि "आपला तो पिंड नव्हे" अशी स्वतःची समजूत घालतो. कोणी भलीमोठी फी भरून एखाद्या क्लासांत जाऊन बसतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून मागें पडूं लागतो. कोणी पाठोपाठ तीन वर्षें परीक्षेला बसतो आणि दर वर्षीं त्याच ठिकाणीं अडखळतो. बुद्धीनें चांगल्या, वाचन असलेल्या, चार माणसांत नेटकें बोलणाऱ्या मुलांचीं वर्षें अशा रीतीनें वायां जातात. तीं वायां जाऊं नयेत म्हणून काय करावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या परीक्षा खरोखर काय मागतात तें पाहिलें पाहिजे. कारण भयाचा अर्धा भाग अज्ञानांतून येतो. १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें पहिल्या दोन आय.आय.एम. संस्था निघाल्या, आज त्यांची संख्या वीसांहून अधिक आहे, आणि त्यांत नागपूर व मुंबई येथील संस्थाहि आहेत. या संस्थांच्या प्रवेशासाठीं ‘कॅट’ ही परीक्षा असते. २०२४ सालच्या कॅटमध्यें एकंदर ६८ प्रश्न व १२० मिनिटें होतीं. त्यांपैकीं गणिताचे प्रश्न २२ व त्यांना वेळ ४० मिनिटें. आपल्या राज्याच्या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेंत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावे लागत आले आहेत आणि त्यांत संख्यागणिताचे ५० असतात. परदेशीं जाऊं इच्छिणारे, तसेंच हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेंत प्रवेश मागणारे बहुतेक जण ‘जीमॅट’ किंवा ‘जीआरई’ देतात. जीमॅटचें स्वरूप २०२३ च्या अखेरीस बदललें. आतां त्यांत गणिताचे २१ प्रश्न ४५ मिनिटांत सोडवावयाचे असतात. त्या विभागांतून भूमिति काढून टाकलेली आहे, मात्र तेथें गणकयंत्र वापरतां येत नाहीं. जीआरईमध्यें भूमिति आहे, पण पडद्यावर गणकयंत्र मिळतें. कॅटमध्यें भूमितीहि आहे आणि साधें गणकयंत्रहि आहे.

या सर्व परीक्षांचा अभ्यासक्रम एकत्र मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अपूर्णांक, शेंकडेवारी, गुणोत्तर व प्रमाण, सरासरी, नफातोटा, व्याज, काळ-काम-वेग, मिश्रण, समीकरणें, संख्यांचे गुणधर्म, थोडी मोजणी व संभाव्यता, हा त्यांतील मोठा भाग आहे. कॅटसाठीं त्यांत श्रेढी व लॉगरिदमसारख्या अकरावीच्या कांहीं गोष्टींची भर पडते. कलनशास्त्र यांपैकीं एकाहि परीक्षेंत नाहीं. म्हणजे मागणी बहुतांशीं सातवी ते दहावीच्या गणिताची आहे; फक्त तें गणित घाईच्या वेळीं, अनोळखी वेष घेऊन समोर येतें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या इ. स. ११५० च्या ग्रंथांतहि त्रैराशिक, पंचराशिक, व्याज, मिश्रण, श्रेढी आणि अंकांच्या मांडणीचे प्रकार हे विषय आलेले आहेत. व्यापाराचें गणित आपल्याकडे कांहीं परकें नाहीं.

मग एवढें ओळखीचें गणित चांगल्या पदवीधराला कां जड जावें? याचें कारण गणिताच्या रचनेंत आहे. इतिहासांत पेशवाईचा धडा चुकला तरी पुढचा धडा वाचतां येतो. गणित हें जिन्यासारखें आहे. मधली एक पायरी निखळली कीं वरच्या सर्व पायऱ्या अवघड वाटूं लागतात. पांचवींत अपूर्णांक नीट बसला नाहीं कीं सातवींत गुणोत्तर डळमळतें, गुणोत्तर डळमळलें कीं शेंकडेवारी पाठ करावी लागते, आणि पाठ केलेली शेंकडेवारी व्याजाच्या उदाहरणांत दगा देते. विद्यार्थ्याला वाटतें कीं आपल्याला व्याज येत नाहीं. वास्तविक त्याचा अपूर्णांक कच्चा असतो. "गणित कच्चें आहे" या शब्दांनीं आपण ज्याचा उल्लेख करतों तें बहुधा सगळें गणित नसतें. त्यांतल्या चार-पांच ठराविक पायऱ्या असतात. त्या कोणत्या हें शोधून काढणें आणि तेथूनच दुरुस्तीस आरंभ करणें, हाच या दुखण्यावरचा खरा उपाय होय.

हा शोध घेण्याची रीत सोपी आहे. सहावीपासून दहावीपर्यंतचीं गणिताचीं शालेय पुस्तकें आणावीं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या संग्रहांतून पांच-पांच उदाहरणें कोणाचें साहाय्य न घेतां व पुस्तक न उघडतां सोडवावीं. पांचापैकीं पांचहि बिनचूक आलीं तर पुढें जावें. तीन किंवा त्याहून कमी आलीं तर तेथें खूण करावी. आठ-दहा दिवसांत सर्व खुणांची यादी तयार होते. बहुतेकांची यादी अपेक्षेपेक्षां पुष्कळ लहान निघते, आणि तिच्यांत वारंवार पांच जागा आढळतात: अपूर्णांकांचा भागाकार, ऋण चिन्हाचा व्यवहार, शेंकडेवारीचा पाया, गुणोत्तराचा अर्थ, आणि शब्दांत दिलेल्या उदाहरणाचें समीकरण. बाविसाव्या वर्षीं सहावीचें पुस्तक उघडण्यांत कमीपणा मानणारा विद्यार्थी पुढें अधिक महाग किंमत देतो. तें पुस्तक पूर्वीं ज्यास तीन महिने लागले तें आतां प्रौढ बुद्धीनें आठवड्यांत होतें, हा या कामांतला मोठा दिलासा आहे.

शेंकडेवारीचा पाया म्हणजे काय हें एका उदाहरणानें पाहूं. एका साडीची किंमत १,००० रुपये आहे. दुकानदारानें ती शेंकडा २० वाढविली आणि पुढें सणाच्या दिवसांत शेंकडा २० सूट दिली. किंमत पूर्ववत् झाली काय? पुष्कळ सुशिक्षित माणसें "होय" असें उत्तर देतात. पण वाढ १,००० वर झाली व किंमत १,२०० झाली. सूट या १,२०० वर मिळाली, म्हणजे २४० रुपये कमी झाले आणि साडी ९६० रुपयांस पडली. शेंकडा वीस हा आंकडा दोन्ही वेळीं तोच असला तरी तो कशाचा, हें बदललें. "कशाचा?" हा एकच प्रश्न प्रत्येक शेंकड्यापुढें विचारण्याची सवय लागली तर शेंकडेवारी, नफातोटा, व्याज व सूट या चार प्रकरणांतील निम्म्या चुका आपोआप नाहींशा होतात.

हातानें हिशेब करण्याचा वेग ही दुसरी बाब. येथें जुन्या मराठी शाळांची उजळणी उपयोगी पडते. एके काळीं मुलांकडून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी म्हणून घेत असत. आजच्या भाषेंत सवायकी म्हणजे शेंकडा २५ वाढ, दिडकी म्हणजे शेंकडा ५० वाढ आणि पाऊणकी म्हणजे शेंकडा २५ सूट. घरांत आजी-आजोबा असतील तर नातवानें त्यांच्याकडून हे पाढे ऐकावे. तो वेळ फुकट जाणार नाहीं. त्यांच्या जोडीला अपूर्णांक व शेंकडा यांची सांगड पाठ असावी: एक-अष्टमांश म्हणजे शेंकडा साडेबारा, तीन-अष्टमांश म्हणजे साडेसदतीस, एक-षष्ठांश म्हणजे सोळा व दोन-तृतीयांश, एक-सप्तमांश म्हणजे सव्वाचौदाहून किंचित् अधिक. मग ६४० चे शेंकडा साडेसदतीस काढतांना गुणाकार-भागाकाराचा पसारा मांडावा लागत नाहीं. ६४० चा अष्टमांश ८०, त्याची तिप्पट २४०. गणकयंत्र मिळालें तरी त्यावर बोटें फिरविण्यापेक्षां हें लवकर होतें. रोज वीस मिनिटें असा तोंडी हिशेब केला तर दोन महिन्यांत हाताला वळण पडतें.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे शब्दांचें गणितांत रूपांतर करणें. एक मनुष्य १२० किलोमीटर अंतरावरच्या गांवीं ताशीं ६० किलोमीटर वेगानें गेला आणि ताशीं ४० किलोमीटर वेगानें परत आला. त्याचा सरासरी वेग किती? घाईनें ५० असें उत्तर येतें. तथापि जातांना त्याला २ तास लागले, येतांना ३. अंतर २४० किलोमीटर, वेळ ५ तास, म्हणून सरासरी ताशीं ४८. येथें सूत्र आठविण्याची गरज पडली नाहीं. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, एवढा अर्थ ठाऊक असला कीं पुरतें. जो विद्यार्थी अर्थ धरून चालतो त्याला प्रश्नाचा वेष बदलला तरी वाट सांपडते. जो केवळ युक्ति धरून चालतो तो ओळखीच्या रस्त्यावरच चालूं शकतो. बाजारांत ‘झटपट गणिता’चीं पुस्तकें पुष्कळ मिळतात आणि त्यांतील युक्त्या खोट्या असतात असें नाहीं, परंतु त्या पायाभरणीनंतर उपयोगी पडतात, पायाच्या जागीं बसवतां येत नाहींत.

मराठी माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यांपुढें एक निराळीच अडचण असते आणि तिला गणिताचा कच्चेपणा समजणें हा त्यांच्यावर अन्याय होतो. कॅट किंवा जीमॅट इंग्रजींत असते. शेष, भाजक, गुणोत्तर, म.सा.वि. आणि ल.सा.वि. या गोष्टी ज्याला उत्तम येतात तोहि रिमेंडर, डिव्हायझर, रेशो, एच.सी.एफ. आणि एल.सी.एम. या नांवांपुढें क्षणभर थांबतो, आणि परीक्षेंत तो क्षणच महाग पडतो. त्याहून फसवे असतात ते साधे शब्द. ‘अ‍ॅट लीस्ट’ म्हणजे कमींत कमी, ‘अ‍ॅट मोस्ट’ म्हणजे जास्तींत जास्त, ‘कन्सेक्युटिव्ह’ म्हणजे क्रमागत. यांतील एकाचा अर्थ उलटा लागला कीं सर्व श्रम फुकट. अशा विद्यार्थ्यानें दोन रकान्यांची एक वही करावी, डावीकडे मराठी संज्ञा व उजवीकडे इंग्रजी, आणि मग शालेय इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतील उदाहरणें केवळ वाचून त्यांचीं समीकरणें मांडावीं. सोडविण्याची घाई करूं नये. महिनाभरांत ही भिंत खचते.

या परीक्षांत आकडेमोडीपेक्षां विवेकाची कसोटी पाहणारे प्रश्नहि असतात. जीमॅटमध्यें एक प्रकार असा असतो कीं उत्तर काढावयाचें नसून दिलेली माहिती उत्तरास पुरेशी आहे कीं नाहीं एवढेंच सांगावयाचें. उदाहरणार्थ, एका वहीची किंमत किती? पहिलें विधान: दोन वह्या व तीन पेन्सिली मिळून ९० रुपये. दुसरें विधान: चार वह्या व सहा पेन्सिली मिळून १८० रुपये. दोन अज्ञात आणि दोन विधानें, तेव्हां उत्तर निघेल, असें वाटतें. पण दुसरें विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. नवीन माहिती कांहींच नाहीं, म्हणून दोन्ही मिळूनहि उत्तर निघत नाहीं. दुसऱ्या विधानांत चार वह्या व तीन पेन्सिली मिळून १५० रुपये असें असतें, तर वही ३० रुपयांची व पेन्सिल १० रुपयांची हें तत्काळ निघालें असतें. एकच गोष्ट दोनदां सांगितल्यानें पुरावा दुप्पट होत नाहीं, हा धडा कारखान्याच्या व्यवस्थापकाला जितका लागतो तितकाच संसार चालविणाऱ्यालाहि लागतो.

आतां वेळापत्रकाचा प्रश्न. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यानें रोज दीड तास व सुटीच्या दिवशीं तीन तास धरले, तर आठ-नऊ महिन्यांचा अवधि पुरेसा समजावा. पहिले दोन-अडीच महिने केवळ अंकगणित. त्यानंतर दीड-दोन महिने बीजगणित व शब्दांतील उदाहरणें. मग ज्या परीक्षेस बसावयाचें तिच्या गरजेप्रमाणें भूमिति, संख्यांचे गुणधर्म, मोजणी व संभाव्यता. आणि शेवटचे दोन-तीन महिने घड्याळ लावून सराव. हा क्रम उलटा करण्याचा मोह बहुतेकांना होतो. पहिल्याच महिन्यांत सराव-परीक्षा द्यावयाची, गुण पाहून खिन्न व्हावयाचें, मग आणखी एक द्यावयाची. वारंवार वजन केल्यानें प्रकृति सुधारत नाहीं. आरंभीं एकदां व पुढें पायाभरणी झाल्यावर, एवढेंच वजन पुरे. जीमॅट व जीआरई यांचे गुण पांच वर्षें ग्राह्य धरले जातात, म्हणून परदेशीं जाण्याचा विचार असणाऱ्यानें ही परीक्षा अर्जाच्या कितीतरी आधीं देऊन मोकळें व्हावें. कॅटचे गुण मात्र त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच चालतात.

सरावाच्या काळांत चुकांची स्वतंत्र वही ठेवणें हें सर्वांत फलदायी साधन आहे. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणापुढें चूक कोणत्या जातीची हें लिहावें: कल्पनाच ठाऊक नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, कीं आकडेमोड घसरली. तीन जातींचे उपाय तीन आहेत. पहिल्या जातीसाठीं पुस्तकाकडे परत जावें, दुसरीसाठीं वाचनाचा वेग कमी करावा, तिसरीसाठीं तोंडी हिशेब वाढवावा. नुसतें "निष्काळजीपणा झाला" असें लिहून पान उलटणारा पुढच्या आठवड्यांत तीच चूक करतो. चुकलेलें उदाहरण दहा दिवसांनीं पुन्हां कोऱ्या कागदावर सोडवून पाहिल्याशिवाय तें आलें असें समजूं नये.

कोणता प्रश्न सोडून द्यावा हेंहि एक गणितच आहे. कॅटमध्यें बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचें उत्तर चुकलें तर १ गुण जातो. चार पर्यायांपैकीं डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीनें चार प्रश्नांत एक बरोबर येऊन ३ गुण मिळतील व तीन चुकून ३ गुण जातील, पदरांत शून्य. परंतु विचार करून दोन पर्याय निश्चितपणें बाद करतां आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर व एक चूक, म्हणजे २ गुणांचा लाभ. अंधारांत उडी घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं, आणि अर्ध्या प्रकाशांत थांबून राहण्यांतहि नाहीं. राज्याच्या परीक्षेंत चुकीस गुण कापण्याची पद्धत नाहीं. तेथें प्रश्न कोरा ठेवणें म्हणजे हातचें घालविणें होय. ज्या विषयाची भीति वाटते त्यांतलाच संभाव्यतेचा एक नियम परीक्षागृहांत असा सोबतीस येतो.

निकालाचा आंकडाहि नीट वाचतां आला पाहिजे. या परीक्षांत पर्सेंटाइल सांगतात. तो शेंकडा गुण नव्हे, तें रांगेंतलें स्थान होय. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकीं नव्वदांच्या पुढें. हें ऐकून घरांत पेढे वांटले जातात. पण २०२४ च्या कॅटला सुमारें २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले होते, म्हणजे ९० पर्सेंटाइलच्याहि पुढें २९ हजारांवर माणसें उरतात. शिवाय पुष्कळ संस्था प्रत्येक विभागांत किमान पर्सेंटाइल मागतात, त्यामुळें भाषेंतील प्रावीण्यानें गणितांतील उणीव पुरती झांकतां येत नाहीं. दहावी-बारावीच्या गुणांनाहि कांहीं संस्थांत वजन असतें आणि ते गुण आतां बदलत नाहींत. बदलूं शकणारी गोष्ट एकच, येत्या आठ महिन्यांतील अभ्यास; म्हणून जुन्या गुणपत्रिकेबद्दल हळहळत बसण्यांत वेळ घालवूं नये.

परदेशी संस्थांच्या बाबतींत परीक्षेखेरीज आणखी एक गोष्ट पाहिली जाते. तेथील निवडसमिति उमेदवाराची पदवीची गुणपत्रिका विषयवार वाचते. त्यांत संख्याशास्त्र किंवा गणित मुळींच नसेल, अथवा त्यांत गुण कमी असतील, तर हा विद्यार्थी पहिल्या सत्राचा भार पेलेल काय, अशी शंका तिला येणें स्वाभाविक आहे. या शंकेचें निरसन शब्दांनीं होत नाहीं, पुराव्यानें होतें. पदवीनंतर संख्याशास्त्राचा किंवा लेखाकर्माचा एखादा अभ्यासक्रम रीतसर परीक्षा देऊन उत्तम गुणांनीं पुरा करणें हा तो पुरावा. भारत सरकारच्या २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘स्वयम्’ उपक्रमांत असे अभ्यासक्रम विनामूल्य शिकतां येतात, आणि शुल्क भरून परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतां येतें. हार्वर्ड बिझनेस स्कूलनें २०१४ सालीं संख्याविश्लेषण, व्यवस्थापकांसाठीं अर्थशास्त्र व वित्तीय लेखाकर्म अशा तीन विषयांचा दूरस्थ अभ्यासक्रम काढला, तो अशाच गरजेचा आहे. नोकरींत असतांना अंदाजपत्रक, विक्रीचे तक्ते, मालाचा हिशेब अशीं कामें मागून घ्यावीं, म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्या वरिष्ठालाहि त्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं राहतें. अर्जांत जुन्या कमी गुणांचा खुलासा करावयाचा झाल्यास तो चार ओळींत करावा: काय घडलें, आणि त्यानंतर काय केलें. रडगाणें लांबवूं नये.

इतका खटाटोप प्रवेशाच्या एका दिवसासाठीं करावयाचा काय, असें कोणी विचारील. तसें असतें तर हें सांगण्याचें प्रयोजन फारसें उरलें नसतें. पहिल्याच सत्रांत लेखाकर्म, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व वित्त हे विषय एकदम अंगावर येतात, आणि त्यांचा कणा हेंच शाळेचें गणित असतो. पापडाचा एक गृहउद्योग घ्या. भाडें व पगार मिळून महिन्याचा ठाम खर्च १२,००० रुपये. एका पुड्याला माल व मजुरी ६० रुपये लागते व तो १०० रुपयांस विकला जातो. पुड्यामागें ४० रुपये सुटतात, म्हणून ३०० पुडे विकले कीं ना नफा ना तोटा. हें आठवीचें एकपदरी समीकरण होय, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकींत याच समीकरणाचा विस्तार मांडलेला असतो. तसेंच व्याजाचें. शेंकडा ८ दराचें सरळ व्याज मुद्दलाची दुप्पट करावयास साडेबारा वर्षें घेतें. तेंच चक्रवाढ असेल तर सुमारें नऊ वर्षांत काम होतें. हा साडेतीन वर्षांचा फरक ज्याच्या मनांत मुरला त्याला कर्ज, भांडवल व गुंतवणूक यांचे धडे परके वाटत नाहींत. केवळ युक्त्यांच्या बळावर प्रवेश मिळविणारा मात्र पहिल्या सत्रांतच पुन्हां त्याच निखळलेल्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि त्या वेळीं मोठें शैक्षणिक कर्ज डोक्यावर असतें.

शेवटीं घरच्या मंडळींविषयीं दोन शब्द. "आमच्या घराण्यांत गणित नाहींच" हें वाक्य पुष्कळ घरांत कौतुकानें बोललें जातें. मुलींच्या बाबतींत तर तें अधिकच सहज तोंडांतून निघतें. रंग किंवा उंची यांप्रमाणें गणित वारशानें येतें अशी समजूत मुलाच्या मनांत एकदां रुजली कीं प्रयत्न करण्याआधींच त्याचे हात गळतात. याच घराण्यांतील आजी बाजारांत तोंडी हिशेब करून दोन रुपयांची चूक पकडते, हें मात्र कोणी लक्षांत घेत नाहीं. अभ्यासाच्या या आठ-नऊ महिन्यांत घरानें द्यावयाच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहींत: रोजचा ठरलेला निवांत दीड तास, दर आठवड्याला गुण विचारण्याचा मोह आवरणें, आणि शेजारच्या मुलाशीं तुलना न करणें. क्लास लावावयाचा असल्यास लावावा. पण तो कोठून आरंभ करतो हें आधीं विचारावें. जो शिक्षक पहिल्या दिवशीं विद्यार्थ्याला अपूर्णांकाचें उदाहरण घालतो त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

तात्पर्य, गणित कोणाचें कायमचें सुटत नाहीं आणि कोणावर कायमचें रुसतहि नाहीं. तें जेथें सोडलें होतें तेथेंच थांबलेलें असतें. परत येणाऱ्यानें लाज न बाळगतां त्या जागेपर्यंत मागें जावें, निखळलेली पायरी बसवावी, आणि मग वर चढावें. प्रवेश मिळेल कीं नाहीं हें जागांच्या संख्येवर व इतर उमेदवारांवरहि अवलंबून असतें. त्याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. परंतु आठ महिने अशा रीतीनें अभ्यास केलेला तरुण पुढें कोणत्याहि व्यवसायांत गेला तरी समोर ठेवलेल्या आंकड्यांना भिणार नाहीं, आणि "हा शेंकडा कशाचा?" हें विचारल्याशिवाय कशावर सही करणार नाहीं.